गाईच्या डाव्या बाजूला

"जेवताना गाईचा विषय काढू नकोस," लॉइडने स्वयंपाकघराच्या दारातूनच बायकोला बजावलं.

व्हर्ना ओव्हनमधून कोंबडी बाहेर काढत होती. अंगावर अजून चर्चचाच झगा, वर एप्रन. "मी कशाला काढू? गाय तुमची, भिंत तुमची, मामाही तुमचाच."

"म्हणजे काढणार."

"तू बटाटे घोट," व्हर्ना म्हणाली, "आणि गुठळ्या ठेवू नकोस."

व्हर्ना पलीकडच्या खोऱ्यातल्या जर्मन घरातली. तिच्या माहेरी जेवणाच्या टेबलावर कडाक्याची भांडणं व्हायची आणि कॉफी येईपर्यंत मिटायची. आमच्या नोरडालमध्ये मात्र सगळी नॉर्वेहून आलेल्यांची वस्ती, आणि आमची रीत अशी की मनात जे घोळतंय तेवढं सोडून बाकी सगळं बोलायचं. मका किती वर आला, कुणाचा गुडघा धरलाय, पाद्रीबाबांचं प्रवचन जरा लांबलंच. लॉइडच्या, म्हणजे ब्रेक्क्यांच्या घरात नांदून एवढी वर्षं झाली तरी व्हर्नाला ही रीत पचली नव्हती. "घराला आग लागली तरी तुम्ही लोक आधी हवेबद्दल बोलाल," असं ती नवऱ्याला म्हणायची. त्यावर लॉइड नीट विचार करून म्हणायचा, "वारा कुठला आहे ते बघायला नको का?"

टेबलावर लॉइडची आई रॅग्ना आधीच येऊन बसली होती, चौऱ्याहत्तरीची, ताठ. तिच्या शेजारी तिचा धाकटा भाऊ हाल्वर स्कोगन. सकाळीच तो मिनियापोलिसहून मुलीच्या गाडीतून आला होता. मुलगी सोल्वेग शाळेत शिकवते, आणि शाळेत शिकवणाऱ्या बायकांसारखीच ती खुर्चीतही उभी असल्यासारखी बसते.

देवाचं नाव घेऊन झालं. कोंबडी फिरली, घेवडा फिरला.

"मका बरा दिसतोय," हाल्वर म्हणाला.

"पाऊस झाला ना वेळेवर," लॉइड म्हणाला.

"शेजारच्या ओलन दादांचा गुडघा?"

"धरलाय."

व्हर्नाने काटा ताटात ठेवला. "मामा, त्या गाईचं तुम्ही काय ठरवलंत?"

लॉइडने डोळे मिटले. रॅग्नाने घोटलेल्या बटाट्यात रश्श्यासाठी खड्डा केला आणि तो नको तितका खोल करत राहिली.

ही गाय म्हणजे आमच्या जत्रेच्या हॉलमधली गाय. नोरडालच्या हॉलची अख्खी पूर्वेची भिंत हाल्वरने रंगवलेली आहे. मंदीची वर्षं होती, सरकार चित्रकारांना रोजावर भिंती रंगवायला लावत होतं, आणि हाल्वरचं तेव्हा चांगलंच नाव होतं. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याबरोबर सोळाव्या वर्षी घरातून निघून गेलेला हा मुलगा. दिवसा कोठारांच्या भिंतींवर तंबाखूच्या जाहिराती, संध्याकाळी चित्रकलेची शाळा. मळणीच्या जेवणाची पंगत रंगवली त्याने, तर ते चित्र शिकागोच्या संग्रहालयाने घेतलं आणि वर्तमानपत्रांनी त्याला 'विस्कॉन्सिनच्या मातीचा चित्रकार' केलं. आम्हाला कोण अभिमान! म्हणून तर हॉलचं काम त्यालाच मिळालं. उद्घाटनाला सगळा तालुका लोटला होता. पडदा बाजूला झाला. नांगरणी, मळणी, दुधाचे कॅन नेणारी गाडी, आणि मधोमध एक बाई पाठमोरी बसून गाईची धार काढतेय. मग मागून एक आवाज आला, "बाई, ऊठ तिथून, लाथ खाशील!"

आमच्याकडे गाईची धार उजव्या बाजूने काढतात. गाय त्याच बाजूला शिकलेली असते, दुसऱ्या बाजूला बसलात तर पाय झाडते. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. हाल्वरची बाई डाव्या बाजूला बसलेली होती. शिवाय धार काढताना माणूस कपाळ गाईच्या कुशीला टेकवतो, तर ही मान वर करून गाईच्या पाठीवरून पलीकडे बघत होती. "दूधसंघाचा माणूस येतोय का बघतेय!" दुसरा कुणीतरी ओरडला, आणि हॉल हसून हसून कोसळायचा राहिला.

त्याला वीस-बावीस वर्षं झाली. हसू अजून संपलेलं नाही. गावात कुणी मोजा उलटा घातला तरी त्याला 'स्कोगन झाला' म्हणतात.

यंदा जत्रेचं शंभरावं वर्ष. गव्हर्नर येणार, मॅडिसनहून टेलिव्हिजनवाले येणार, आणि जत्रासमितीचा अध्यक्ष लॉइड. समितीने ठराव केला होता की स्कोगन यांनी जत्रेपूर्वी गाय सुधारून द्यावी, नाहीतर भिंतीवर फळ्या ठोकून झेंडे लावण्यात यावेत. हा निरोप मामाला कळवण्याचं काम अर्थातच भाच्याच्या गळ्यात पडलं.

"बाबांनी काही ठरवलेलं नाही," सोल्वेग म्हणाली. "आणि ठरवायचं काय त्यात? चित्र त्यांचं आहे. आता तुमच्या गोठ्यात यंत्रं धार काढतात, लॉइड. कुठली बाजू आणि कुठलं काय!"

"म्हणून तर लोकांना जास्त आठवतं," लॉइड म्हणाला. "तुला कुठे माहितीय, सोल्वेग? तू शहरात वाढलीस. मला शाळेत पोरं विचारायची, तुझ्या मामाला विचार, अंडं कोंबडीच्या कुठल्या टोकाने येतं. लग्नाच्या आदल्या रात्री माझ्या मित्रांनी मला गोठ्यात उलट्या बाजूला बसवून ठेवलं होतं."

"आणि बिचारीने लाथ मारली का?"

"मारली."

व्हर्ना फिसकन हसली. लॉइडही हसला असता. पण मामाकडे त्याचं लक्ष गेलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. लहानपणी याच मामाने त्याला मांडीवर घेऊन पेन्सिल धरायला शिकवलं होतं. मामाचं हसं व्हायला लागलं की तो तिथून काढता पाय घ्यायचा, अजूनही घेतो. फळ्या ठोकल्या तर त्या अध्यक्षाच्या सहीने ठोकल्या जाणार होत्या. हे सगळं एकदाचं मिटावं, गाय वळावी आणि आपली मान सरळ व्हावी, एवढंच त्याला हवं होतं.

"मामा, फक्त गाईचं तोंड दुसरीकडे करायचं," तो अजिजीने म्हणाला. "आम्ही सगळं देऊ. शिडी, रंग, माणसं."

"तोंड फिरवलं तर अख्खं चित्र कोलमडेल रे," हाल्वर शांतपणे म्हणाला. "सगळं तिच्याभोवती रचलंय. पण तू काळजी करू नकोस. मी उपाय काढलाय." तो लेफ्शाच्या, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळीच्या घडीला लोणी लावत होता, चित्र रंगवावं तसं, कडेपर्यंत. "बाईच काढून टाकतो. तिच्या जागी गवताची गंजी. गाय नुसती उभी राहील. नुसत्या उभ्या गाईला कुणी काय म्हणणार?"

व्हर्नाने पुन्हा काटा खाली ठेवला.

"बाबा!" सोल्वेग म्हणाली.

"चूक होती, ती दुरुस्त करायची. एवढं काय त्यात? गवताचा रंग मी काल कालवूनही ठेवलाय. जेवण झालं की हॉलवर जाऊ, मी माप घेतो, उद्या सकाळी काम सुरू."

सोल्वेगने ताट पुढे सरकवलं. ही 'चूक' तिच्या बालपणात एखाद्या माणसासारखी घरात राहिली होती. त्या उद्घाटनानंतरच बाबांनी कॅमेरा घेतला. त्याआधी ते डोळे मिटून बसायचे आणि मग चित्र काढायचे, आणि त्या चित्रातल्या माणसांच्या कोपरांनाही स्वभाव असायचा. कॅमेरा आल्यावर ते प्रत्येक गोष्टीचा आधी फोटो घ्यायला लागले. गाईचा, कुंपणाचा, बादलीच्या कडीचा. बियाणं कंपनीची कॅलेंडरं मिळाली, त्यांवर घर चाललं, सोल्वेगचं कॉलेजही झालं. त्या कॅलेंडरांवरची प्रत्येक गाय बिनचूक होती, आणि एकीतही जीव नव्हता. पुढे अमेरिकेला रंगांचे फराटे आवडायला लागले आणि मातीचा चित्रकार कुणाच्या लक्षातही राहिला नाही. ते लोकांनी विसरणं बाबांनी सहज सोसलं. स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला तो मात्र परत आला नाही. आज ते आपण होऊन त्या बाईला पुसायला निघाले होते.

"व्हर्ना," ती हळूच म्हणाली, "तू तरी सांग ना यांना."

व्हर्ना सकाळपर्यंत पक्की नवऱ्याच्या बाजूची होती. गाय वळवा, विषय मिटवा, गव्हर्नरला कोंबडी खाऊ घाला. पण बाई पुसणं तिला काही रुचलं नाही. "गंजी बिंजी नको मामा," ती म्हणाली. "त्यापेक्षा फळ्या बऱ्या. फळ्या काढता तरी येतात."

"तू कुणाच्या बाजूची आहेस?" लॉइड चमकला.

"बाईच्या," व्हर्ना म्हणाली आणि रुबार्बचा केक आणायला उठली.

केक खाऊन झाला. आमच्या रीतीप्रमाणे प्रत्येकाने दुसरा तुकडा दोनदा नाकारला आणि तिसऱ्यांदा घेतला. लॉइडने गाडी दाराशी आणली. हॉलकडे निघताना व्हर्नाने सवयीने विचारलं, "आई, तुम्ही पडता ना जरा?"

रॅग्ना त्या हॉलमध्ये कधीच जात नसे. जत्रेत चर्चच्या बायकांचा केकचा तंबू बाहेर असायचा, ती तिथे दिवसभर उभी राहायची, पण हॉलची पायरी तिने उद्घाटनानंतर चढली नव्हती. भावाची लाज वाटते तिला, असं गाव समजत होतं. हाल्वरही तसंच समजत होता.

"येते मी," रॅग्ना म्हणाली. "माझी टोपी दे."

रविवारचा हॉल रिकामा होता. बाकं एकावर एक रचलेली, खिडक्यांतून दुपारचं ऊन भिंतीवर आलेलं. लॉइडने शिडी लावली. हाल्वर कोट काढून वर चढला, खिशातून कोळशाची कांडी काढली आणि बाईच्या डोक्यापासून सुरुवात करून गंजीची बाह्यरेषा ओढायला लागला. खांद्यांवरून खाली, झग्यावरून खाली.

रॅग्ना दारातच थांबली होती. मग ती एकेक पाऊल टाकत हॉलच्या मध्यापर्यंत आली. त्या उद्घाटनाच्या दिवशी पडदा सरकला तसं तिला जे दिसलं होतं, त्याने ती बाहेर पळाली होती. लोकांना वाटलं, हशामुळे. आज तिला पळता येण्यासारखं नव्हतं, गुडघेही तसे राहिले नव्हते. तिने वर पाहिलं. ती मान, तो मानेवर घट्ट बांधलेला केसांचा गोळा, ताणलेली डावी मांडी. आईच होती. मारित स्कोगन, जशीच्या तशी. आणि तिच्या पुढ्यात गाईच्या पाठीपलीकडे गोठ्याचं उघडं दार, दारातून येणारा पिवळा उजेड.

आईने तिला एकदाच सांगितलं होतं, या घरात त्याचं नाव निघता कामा नये. रॅग्ना तेव्हा पाच वर्षांची होती. तिने ते पाळलं. बाप गेला तेव्हा पाळलं, आई गेली तेव्हा पाळलं, आणि उद्घाटनानंतर भावाने जेव्हा हळूच विचारलं, "रॅग्ना, आई कुठल्या बाजूला बसायची गं?" तेव्हा तोंडातून उत्तर बाहेर येईल या भीतीने ती कॉफी बघायला उठून गेली होती. शब्द पाळणं म्हणजे चांगुलपणा, असंच तिला शिकवलेलं. पण आईनं तिला गप्प राहायला सांगितलं होतं, आईलाच भिंतीवरून पुसू द्यायला सांगितलं नव्हतं. आणि तिच्या भावाचं एवढं वाटोळं झालेलं तिने बावीस वर्षं बघितलं होतं.

"खाली ये, हाल्वर," ती म्हणाली.

"एवढी एक बाजू होऊ दे."

"हाल्वर, खाली ये म्हणते ना! ती तिथेच बसायची."

शिडी करकरली. "कोण?"

"आई. आपली आई. ती डाव्याच बाजूला बसायची. तू बरोबर काढलंयस."

लॉइडने शिडी दोन्ही हातांनी धरली. हाल्वर उतरला आणि शेवटच्या पायरीवरच बसला. "असं कसं असेल?" तो म्हणाला. "बाबा उजवीकडे बसायचे. गडी उजवीकडे बसायचा. मला शिकवलंसुद्धा उजवीकडूनच. मी म्हटलं, मी लहान होतो, माझीच काहीतरी गफलत झाली असेल."

"बाकीच्या गाई उजवीकडच्या. आईची एकच गाय होती, डागरोस. मग डागरोसची पाडी. त्यांची धार आईशिवाय कुणी काढली नाही."

"पण का, आत्या?" सोल्वेगने विचारलं. तिचा आवाज शाळेतला राहिला नव्हता.

रॅग्नाने टोपी काढून हातात घेतली. तिला बसायला व्हर्नाने बाक ओढलं, पण ती बसली नाही.

"हाल्वरच्या आधी एक मुलगा होता. पेडर." नाव घेतल्यावर ती थांबली. छतात काही कोसळतं का याची वाट पाहावी तशी थांबली. "घरात निजवून आई गोठ्यात यायची. तेव्हा तीही सगळ्यांसारखी उजवीकडे बसायची. म्हणजे पाठ दाराकडे, पाठ घराकडे. मी डागरोसची शेपटी धरून उभी असायची, फटकारा बसू नये म्हणून. त्या संध्याकाळी पेडर उठला आणि आपला आपण बाहेर आला. अंगणातून चालत आला असणार, अगदी आईच्या पाठीमागून. अंगणात गुरांची पाण्याची टाकी होती."

व्हर्नाने तोंडावर हात ठेवला.

"आई ओरडली नाही," रॅग्ना म्हणाली. "दुसऱ्या दिवशी पुरलं त्याला. आणि संध्याकाळी गाई हंबरायला लागल्या. दूध काही थांबत नाही. आई गोठ्यात आली, स्टूल उचललं आणि पलीकडून जाऊन डाव्या बाजूला बसली. डागरोसने लाथ मारली, चरवी उडाली. आई परत बसली. गायीने परत मारली. तिची नडगी काळीनिळी झाली होती, पण रोज तिथेच बसायची. बाबा दारात उभे राहून बघायचे आणि न बोलता निघून जायचे. शेवटी गायच हरली."

"म्हणजे घर दिसावं म्हणून," लॉइड म्हणाला.

"घर आणि अंगण. कपाळसुद्धा टेकवायची नाही. सारखी मान वर. पुढल्या वसंतात हा झाला. याला तर ती घरात ठेवतच नव्हती, मागे गवतावर बसवायची. हा तिच्या पाठीकडे बघत बसायचा." तिने भिंतीकडे बोट केलं. "तिथून."

हाल्वर चित्राकडे वळला. आपणच काढलेलं चित्र तो पहिल्यांदा बघत असल्यासारखं बघत होता. उद्घाटनाच्या दिवशी तो हसलाही होता लोकांबरोबर, दुसरं काय करणार? त्या रात्रीपासून दर वेळी ब्रश उचलताना त्याला वाटायचं, आईची बाजूसुद्धा ज्याला धड आठवत नाही त्याला काय आठवणार? आता त्याच्या छातीतून काहीतरी उतरत होतं, इतक्या सावकाश की त्याला आधी वाटलं, आपल्याला चक्कर येतेय.

"मग मला बरोबर दिसलं होतं," तो म्हणाला.

"सगळं."

"मानसुद्धा?"

"मानसुद्धा. तो उजेडही तसलाच होता. हाल्वर, मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं."

हाल्वरने बहिणीकडे पाहिलं. सोल्वेगला वाटलं, बाबा आता चिडतील, आणि चिडले तर तो त्यांचा हक्कच होता. पण हाल्वरच्या तोंडातून जो आवाज निघाला तो हसण्याचा होता. आधी खोकल्यासारखा, मग खराखुरा, पोटातून. "तीनशे शेतकरी!" तो म्हणाला. "तीनशे शेतकऱ्यांनी सांगितलं आणि मी ऐकलं! अगं, त्यातल्या एकाने तरी आपल्या आईला धार काढताना पाहिलं होतं का!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते कोळशाच्या हातांनी पुसत होता, त्यामुळे तोंड काळं झालं. व्हर्ना हसली, मग रडली, मग स्वतःचा रुमाल थुंकीने ओला करून सासऱ्याच्या वयाच्या त्या माणसाचं तोंड लहान मुलासारखं पुसायला लागली. रॅग्ना आता बाकावर बसली. इतकी वर्षं ताठ असलेली तिची पाठ बाकाला टेकली, आणि लॉइडच्या लक्षात आलं की आपल्या आईला असं रेलून बसलेलं आपण कधी पाहिलेलंच नाही.

त्यालाही बरं वाटत होतं, इतकं बरं की अध्यक्षपणाची आठवण यायला वेळ लागला. "उद्या समितीला काय सांगू मी?" त्याने विचारलं. "फळ्या नाहीत, ते तर झालंच. फळ्या ठोकायच्या तर आधी मला ठोका म्हणेन. पण गाय अशीच का ठेवायची, हे विचारतील ना ते. काहीतरी थातुरमातुर सांगतो, घरातलं घरात राहू दे."

सगळ्यांनी रॅग्नाकडे पाहिलं.

"थातुरमातुर नको," ती म्हणाली. "सांग, ही मारित स्कोगन. तिचा एक मुलगा टाकीत बुडाला, तेव्हापासून घर आणि अंगण नजरेसमोर राहावं म्हणून ती इकडे बसायची. मुलाचं नाव विचारलं तर पेडर सांग. नाही विचारलं तरी सांग."

"सगळ्या समितीसमोर?"

"गव्हर्नरसमोर सांग. हवं तर मी येते."

"आई येणार असतील तर समिती हवेबद्दलसुद्धा बोलणार नाही," व्हर्ना म्हणाली.

हाल्वर उठला. शिडीवर चढून शर्टाच्या बाहीने त्याने भिंतीवरची कोळशाची रेषा पुसली, खांद्यावरची, मानेवरची, अगदी हलक्या हाताने. मग तो उतरून बहिणीशेजारी बाकावर येऊन बसला. सोल्वेगला सवयीने वाटलं, आता ते कॅमेरा मागतील. कॅमेरा गाडीत होता. ती उठायलाही लागली.

"बस गं तू," हाल्वर म्हणाला. बाकावर जत्रेच्या जाहिरातींचा गठ्ठा पडला होता. त्याने एक कागद ओढला, कोऱ्या बाजूला उलटवला आणि गुडघ्यावर ठेवला. "रॅग्ना, केस कसे होते त्याचे?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. "पांढुरके," ती म्हणाली. "जवसाच्या धाग्यासारखे. कपाळावर एक भोवरा होता, कितीही विंचरा, उभाच."

"कुठल्या बाजूला?"

"डाव्या. आणि गाल हे एवढे. साय चोरायचा ना."

"डोळे?"

"आईचे."

"नाक?"

"नाक तुझंच होतं," रॅग्ना म्हणाली. "तू झालास तेव्हा मी आईला म्हटलं होतं, हा तेच नाक घेऊन आलाय."

हाल्वरने डाव्या हाताने स्वतःचं नाक चाचपून पाहिलं, आणि काढायला लागला.